विकास शुल्क कोणत्या प्रभागातून आले आणि कुठे गेले : महापालिकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व महापालिकांचे मा. आयुक्त, मा. महापौर, स्थायी समित्यांचे मा. सभापती आणि सदस्य

विषय : विकास शुल्काचा प्रभागनिहाय हिशेब आणि त्यातून होणारी वस्तीतील कामे

महोदय / महोदया,

बांधकाम परवानगी देताना महापालिका विकास शुल्क वसूल करते. ही रक्कम कोणत्या गल्लीतून आली आणि कोणत्या कामावर खर्च झाली, हे शेजारी शेजारी दाखवणारा तक्ता आपल्या अंदाजपत्रकात शोधून सापडत नाही. जमेच्या बाजूला एक ठोक आकडा असतो आणि खर्चाच्या बाजूला हजारो कामे असतात. दोन्हींना जोडणारा धागाच नसतो. तो बांधता येतो आणि त्यासाठी नवा कायदाही लागत नाही. काय काय करावे लागेल ते या पत्रात तपशिलाने मांडत आहोत.

आधी कायद्याचे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये १९९२ साली ‘सहा-अ’ हे प्रकरण घातले गेले. कलम १२४-अ आणि त्यापुढच्या कलमांत विकास शुल्क आकारण्याचा अधिकार, दर, वसुली, सूट हे सगळे आहे. पैसा कशासाठी वापरायचा हेही तिथेच लिहिले आहे : सार्वजनिक सुविधा पुरवणे आणि हद्दीतल्या क्षेत्राची देखभाल व सुधारणा. म्हणजे हा कर नाही, विशिष्ट हेतूने घेतलेला पैसा आहे. मात्र ‘हद्दीतले क्षेत्र’ म्हणजे सगळे शहर. ज्या प्रभागात इमारत उभी राहिली त्याच प्रभागात अमुक इतका खर्च करा, असे कायदा म्हणत नाही. आमच्या मते सगळी अडचण या मोकळ्या जागेतून सुरू होते. ही जागा भरण्याचा अधिकार स्थायी समितीला आणि सर्वसाधारण सभेला आजही आहे, कारण अंदाजपत्रकातली तरतूद शेवटी आपणच ठरवता.

रक्कम किती असते ते एका उदाहरणाने पाहू. मुंबई वगळता महापालिका क्षेत्रात निवासी वापरासाठी रेडी रेकनरमधल्या (सरकारने ठरवलेल्या मूल्यदरांच्या तक्त्यातल्या) जमिनीच्या दराच्या ०.५ टक्का जमिनीच्या विकासावर आणि २ टक्के बांधकामावर, अशी आकारणी होते. समजा १,००० चौरस मीटरचा मोकळा भूखंड आहे, जमिनीचा दर चौरस मीटरला ४०,००० रुपये आहे आणि ३,६०० चौरस मीटर बांधकाम होणार आहे. जमिनीपोटी २ लाख रुपये, बांधकामापोटी २८ लाख ८० हजार रुपये, एकूण ३० लाख ८० हजार. वाढीव चटईक्षेत्राचे अधिमूल्य, छाननी शुल्क, कामगार उपकर हे वेगळे. मेट्रोसारखे महत्त्वाचे वाहतूक प्रकल्प हाती घेतलेल्या शहरांत विकास शुल्क दुपटीपर्यंत वाढवता येते, पण तो वाढीव भाग त्या प्रकल्पांसाठीच असतो. वस्तीच्या कामांचा विचार करताना तो धरू नये. पुष्कळदा तो एकाच आकड्यात मिसळून सांगितला जातो आणि लोकांना वाटते की आपल्या भागासाठी खूप पैसा उपलब्ध आहे.

आता याच भूखंडाची दुसरी बाजू. तिथे ३६ सदनिका झाल्या आणि प्रत्येकीत ४ माणसे धरली तर १४४ माणसे वाढली. माणशी रोज १३५ लिटर या नेहमीच्या मानकाने रोज १९,४४० लिटर पाणी जास्त लागणार. त्यातले ८० टक्के, म्हणजे सुमारे १५,५५० लिटर, सांडपाणी होऊन त्याच गल्लीतल्या जुन्या ड्रेनेजमध्ये उतरणार. गाड्या वाढणार, कचरा वाढणार, पदपथावरची वर्दळ वाढणार. एका गल्लीत अशा पाच इमारती झाल्या तर महापालिकेच्या तिजोरीत १ कोटी ५४ लाख येतात, आणि रोजचे जवळपास ७८ हजार लिटर सांडपाणी वाहून नेण्याचा भार पूर्वीच्याच नळीवर पडतो. चेंबर तुंबून मैलापाणी रस्त्यावर आले की रहिवासी विचारतात, ‘एवढे पैसे घेतले ते गेले कुठे?’ या प्रश्नाला आकड्यात उत्तर देता आले पाहिजे.

ते आज का देता येत नाही, याचे मूळ लेखा विभागात आहे. राष्ट्रीय नगरपालिका लेखा नियमावलीच्या रचनेत विकास शुल्क ‘शुल्क व वापर आकार’ या १४० क्रमांकाच्या महसुली गटात जमा होते. त्याच गटात परवाना शुल्क आहे, दाखल्यांची फी आहे, दंड आहे. तिथे जमा झालेला पैसा त्या वर्षीच्या सर्वसाधारण उत्पन्नात मिसळतो आणि पगार, वीजबिले, इंधन, जुनी देणी यांत खर्च होतो. यात कोणाचा अप्रामाणिकपणा असेलच असे नाही. पाटाचे पाणी एकदा विहिरीत सोडले की कोणत्या पाटाचे कोणते ते वेगळे काढता येत नाही, इतकेच. उपाय त्याच नियमावलीत आहे : ३११ क्रमांकाचा राखीव निधींचा गट. विकास शुल्काची पावती १४० मध्ये नोंदवावी, पण महिनाअखेरीस तेवढीच रक्कम ‘विकास शुल्क निधी’ या नावाने ३११ मध्ये वर्ग करावी आणि तेवढी रोकड वेगळ्या बँक खात्यात हलवावी. ही दुसरी पायरी फार महत्त्वाची आहे. निधी फक्त कागदावर राहिला आणि रोकड सामान्य खात्यातच राहिली, तर मार्चमध्ये ताळेबंदात निधी दिसतो आणि ठेकेदाराचे बिल द्यायला पैसे नसतात.

निधीला प्रभागाची खूण लागेल. ती लावण्याची जागा म्हणजे शुल्क भरण्याचे चलन. बांधकाम परवानगी आता ऑनलाइन होते. प्रकरणात सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, भूखंडाचे क्षेत्र, बांधकाम क्षेत्र आधीच भरलेले असते. त्यात प्रभाग क्रमांकाचा एक रकाना सक्तीचा करावा आणि चलन तयार होताना तो आपोआप लेखा प्रणालीत जावा. प्रभागांच्या सीमा निवडणुकीआधी बदलू शकतात, म्हणून प्रभागासोबत नकाशावरचा बिंदूही साठवावा. नाहीतर पाच वर्षांनी जुन्या नोंदी नव्या प्रभागांत बसवता येणार नाहीत. हे काम संगणक विभागाचे आहे आणि मोठे नाही.

यात तीन ठिकाणी घोळ होतो, ते आधीच सांभाळावे. पहिले, हप्ते. सवलत घेऊन शुल्क टप्प्याटप्प्याने भरले जाते, त्यामुळे आकारलेली रक्कम आणि जमा झालेली रक्कम यांत मोठा फरक पडतो. कामांचे नियोजन फक्त जमा रकमेवर करावे. दुसरे, सुधारित नकाशे. बांधकाम क्षेत्र वाढले की फरकाची रक्कम येते, प्रकल्प रद्द झाला की परताव्याची मागणी येते. परताव्यासाठी निधीतला थोडा भाग, आमच्या मते दहावा हिस्सा, मोकळा ठेवावा. तिसरे, तेजी आणि मंदी. बांधकाम व्यवसाय थंडावला की हे उत्पन्न झपाट्याने घसरते. म्हणून या निधीवर कायमचा खर्च, जसे की सुरक्षारक्षक, कंत्राटी पगार, दरवर्षीची वीज, कधीही टाकू नये.

आता हिस्सा किती असावा. सगळे विकास शुल्क त्याच प्रभागात खर्च करा, अशी मागणी आम्ही करत नाही. जलशुद्धीकरण केंद्र, मुख्य जलवाहिनी, मैलाशुद्धीकरण, मोठे रस्ते हे सगळ्या शहराचे असते आणि नवी इमारत त्यांचाही वापर करते. शिवाय जिथे बांधकाम नाही तिथे शुल्कही नाही. जुने गावठाण, झोपडपट्टी, नुकतीच हद्दीत आलेली गावे यांना असा नियम उपाशी ठेवील. आमचा प्रस्ताव असा : निधीचा २५ टक्के भाग ज्या प्रभागातून आला तिथेच, १० टक्के भाग कमी बांधकाम असलेल्या प्रभागांसाठी आणि उरलेला शहरव्यापी पायाभूत कामांसाठी. वरच्या उदाहरणातल्या पाच इमारतींच्या गल्लीला यातून ३८ लाख ५० हजार मिळतात. तेवढ्यात ड्रेनेजची सगळी लाइन बदलणार नाही, पण सर्वात वाईट टप्पा, पावसाळी चेंबर आणि एका बाजूचा पदपथ यांचा विचार नक्की करता येईल.

असा वाटा ठरवून देण्याची पद्धत इतरत्र चालू आहे. इंग्लंडमध्ये २०१० च्या नियमांनी ‘कम्युनिटी इन्फ्रास्ट्रक्चर लेव्ही’ सुरू झाली. तिच्यातला १५ टक्के वाटा, आणि त्या वस्तीने आपला शेजार आराखडा मंजूर करून घेतला असेल तर २५ टक्के वाटा, बांधकाम झालेल्या भागातल्या सर्वात खालच्या स्थानिक परिषदेकडे जातो. पाच वर्षांत तो खर्च झाला नाही किंवा भलत्याच कामावर गेला तर वरची परिषद तो परत मागू शकते. जिथे अशी खालची परिषद नाही तिथे पैसा वरच्या परिषदेकडेच राहतो, पण कशावर खर्चायचा ते रहिवाशांशी बोलून ठरवावे लागते. शिवाय किती जमले, किती खर्चले, कशावर खर्चले आणि किती शिल्लक आहे याचे विवरण दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत जाहीर करणे बंधनकारक आहे. तिथलीही व्यवस्था निर्दोष नाही, खर्च रेंगाळल्याच्या तक्रारी तिथेही होतात. पण विवरण जाहीर असल्यामुळे रेंगाळलेला पैसा निदान दिसतो. आपल्याकडे ‘पाच वर्षांत खर्च, नाहीतर कारणासह फेरनिर्णय’ आणि ‘ठरलेल्या तारखेला विवरण’ या दोन गोष्टी ठरावाने आणता येतील.

पैसा राखून ठेवला की पुढचा धोका म्हणजे कामांची निवड. प्रभागात राखीव रक्कम आहे असे कळताच बाकडी, नामफलक, स्वागत कमानी आणि चांगल्या स्थितीतल्या फरशा उखडून बसवलेले नवे पेव्हर ब्लॉक यांची यादी तयार होते. ही कामे झटपट होतात आणि डोळ्यांना दिसतात. ई-निविदेच्या मर्यादेखाली बसावे म्हणून एका कामाचे चार तुकडे केले जातात. तुकडे झाले की चार ठेकेदार येतात, चार लेव्हल होतात आणि पावसाचे पाणी जोडांवर साचते. त्यामुळे निवडीचा एकच निकष ठेवावा : नव्या बांधकामामुळे जो भार वाढला, तो या कामाने हलका होतो का? ड्रेनेज, पावसाळी गटार, पाण्याची वितरण वाहिनी, पदपथ, रस्ता ओलांडण्याची सोय, दिवे, मैदान, दवाखाना, वाचनालय हे या कसोटीला उतरते. कमान उतरत नाही.

विकास आराखड्यातली आरक्षणे या यादीत सर्वात वर असावीत. प्रभागात बागेचे किंवा खेळाच्या मैदानाचे आरक्षण असते, भूसंपादनाला पैसा नसतो, दहा वर्षे उलटतात, जमीनमालक याच नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली ‘जमीन विकत घ्या’ अशी खरेदी सूचना देतो आणि २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप रद्द होते. मग त्याच जागेवर आणखी एक इमारत उभी राहते. राखीव निधी हाताशी असेल तर निदान लहान आरक्षणांच्या बाबतीत हे टाळता येईल. त्यासाठी प्रत्येक प्रभागातल्या आरक्षणांची यादी, दहा वर्षे कधी पूर्ण होतात त्या तारखेसह, नगररचना विभागाने दरवर्षी समितीपुढे ठेवावी. ही यादी आज मागूनही वेळेवर मिळत नाही आणि तारीख टळल्यावर धावाधाव होते.

काम कसे बिघडते ते एकाच कामाच्या तपशिलात दाखवतो. पदपथ घेऊ, कारण प्रभागातला सर्वात जास्त पैसा त्यावर जातो आणि सर्वात जास्त वायाही तिथेच जातो.

१०० मीटर लांब आणि १.८ मीटर रुंद पदपथ म्हणजे १८० चौरस मीटर. १.८ मीटर ही भारतीय रस्ते काँग्रेसच्या १०३ क्रमांकाच्या मार्गदर्शक सूचनांतली किमान मोकळी रुंदी आहे. मोकळी म्हणजे खांब, विजेची पेटी (डीपी बॉक्स), झाड, टपरी वगळून. त्याखाली १५० मिलिमीटर जाडीचा दाबलेला खडीचा पाया म्हणजे २७ घनमीटर, त्यावर ३० मिलिमीटर वाळू म्हणजे ५.४ घनमीटर, आणि २०० बाय १०० मिलिमीटरचे ब्लॉक चौरस मीटरला ५० या हिशेबाने ९,०००. ब्लॉकसाठी आयएस १५६५८ हे मानक आहे. हलक्या वाहतुकीला एम-३५ प्रतीचा ६० मिलिमीटर जाड ब्लॉक, मध्यम वाहतुकीला एम-४० चा ८० मिलिमीटर. सोसायटीच्या फाटकासमोर जिथे गाड्या पदपथ ओलांडतात तिथे ८० चाच घ्यावा. इस्टिमेटमध्ये सरसकट ६० धरलेला असतो, म्हणून पहिल्या पावसाळ्यानंतर नेमका फाटकासमोरचा भाग खचतो.

इथे लबाडी करायला आणि चुका व्हायला सर्वात सोयीची जागा म्हणजे पाया, कारण तो झाकला जातो. पायाच्या १५० मिलिमीटरऐवजी ५० टाकून वर जाड वाळूने लेव्हल काढली जाते. वाळू ३० ऐवजी ८० मिलिमीटर झाली की चालणाऱ्यांच्या वजनानेही ती सरकते आणि ब्लॉक हलायला लागतात. वाळूऐवजी दगडाची बारीक डस्ट वापरली की पाणी खाली निचरत नाही, ब्लॉकखाली चिखल होतो आणि पाय पडताच फटीतून गढूळ पाणी उडते. कडेचा दगड, म्हणजे कर्ब, नीट काँक्रीटमध्ये बसवला नसेल तर तो बाहेर ढकलला जातो, फटी रुंदावतात आणि वाळू वाहून जाते. फटींत बारीक वाळू भरून वरून कंपन यंत्र फिरवण्याची शेवटची पायरी तर अनेक कामांत होतच नाही. ब्लॉक मांडले, झाडले, बिल काढले.

सर्वात मोठे नुकसान क्रम चुकल्याने होते. आधी ड्रेनेज, मग पाण्याची नळी, मग पावसाळी गटार आणि केबलसाठी डक्ट, शेवटी पदपथ, हा क्रम सगळ्यांना ठाऊक आहे. तरी पदपथ आधी होतो, कारण त्याला पैसा आधी मिळतो. सहा महिन्यांत केबलसाठी चर खणला जातो, माती एकाच दमात भरली जाते आणि ब्लॉक वर ठेवून दिले जातात. चर १५० ते २०० मिलिमीटरच्या थरांत दाबत भरला नाही तर तो बसणारच. म्हणून पदपथाच्या कार्यादेशाला एक कागद सक्तीने जोडावा : मलनिस्सारण, पाणीपुरवठा, विद्युत आणि पथ या चारही विभागांचे ‘पुढची तीन वर्षे इथे खोदाई नाही’ असे सहीनिशी पत्र. हे पत्र मिळत नसेल तर पदपथ थांबवून आधी नळी बदलावी.

जुन्या पदपथावरच नवा चढवणे हीसुद्धा सर्रास होणारी चूक. ब्लॉक, वाळू आणि पाया मिळून २४० मिलिमीटर खोदाई लागते. ती वाचवली की पदपथ शेजारच्या दुकानाच्या उंबऱ्यापेक्षा वर येतो आणि पावसाचे पाणी दुकानात शिरते. रस्त्याच्या बाजूने कर्बची उंची १५० मिलिमीटरच्या वर गेली की वयस्क माणसे पदपथ सोडून रस्त्यावरून चालतात. प्रत्येक फाटकाशी पदपथ खाली उतरवायचा नसतो. पदपथ सलग ठेवून गाडीसाठी बाहेरच्या कडेला उतार करायचा असतो. चाकाच्या खुर्चीसाठी रस्त्याच्या कोपऱ्यावर १२ ला १ उतार हवा. आडवा उतार ५० ला १ इतका, म्हणजे १.८ मीटरला ३६ मिलिमीटर, रस्त्याकडे द्यावा. झाडाच्या बुंध्याभोवती एक मीटर माती उघडी राहावी.

तपासणीची वेळ आम्ही सुचवतो ती अशी. पाया दाबून झाल्यावर आणि वाळू पसरण्याआधी २० मीटरला एक खड्डा घेऊन जाडी मोजावी, शेजारी फूटपट्टी धरून फोटो काढावा, तो कामाच्या क्रमांकासह मोजमाप पुस्तकाला जोडावा आणि मगच चालू देयक द्यावे. ब्लॉकची चाचणी ठेकेदाराने आणलेल्या नमुन्यावर न करता साइटवरच्या ढिगातून अभियंत्याने स्वतः उचललेल्या ब्लॉकवर करावी. दोषदायित्व कालावधी, म्हणजे ठेकेदाराने दोष स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याची मुदत, तीन वर्षांचा ठेवावा आणि तो संपण्याआधीची पाहणी पावसाळ्यात, पाणी साचलेले असताना, रहिवाशांसमोर करावी. मे महिन्यात केलेली पाहणी निरुपयोगी असते. अनामत रक्कम त्यानंतरच सोडावी.

पावसाळी गटारांचे थोडक्यात : दोन चेंबरमधले अंतर ३० मीटरपेक्षा जास्त नसावे, झाकणांची लेव्हल रस्त्याशी जुळावी, आणि नव्या इमारतींची मैलापाण्याची जोडणी पावसाळी गटारात दिली नाही ना, हे भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी रंगीत पाणी सोडून तपासावे. ही तपासणी एका तासाची आहे. दिव्यांच्या बाबतीत खांब झाडाच्या फांदीत जातो का, एवढे जागेवर पाहिले तरी निम्म्या तक्रारी कमी होतील.

या निधीतून कोणती कामे मुळीच करू नयेत, हेही ठरावात असावे. रेखांकन (जमिनीचे भूखंड पाडण्याचा नकाशा) मंजूर करताना अंतर्गत रस्ते, गटारे, दिवे आणि मोकळी जागा विकसित करण्याची जबाबदारी विकसकावर टाकलेली असते. ती पूर्ण न करता तो निघून जातो, रहिवासी नगरसेवकाकडे जातात आणि महापालिका स्वतःच्या पैशाने रस्ता करून देते. म्हणजे विकसकाचे काम विकास शुल्कातून होते आणि शहराला त्या पैशाचे काहीच मिळत नाही. अशा ठिकाणी आधी रेखांकनाच्या अटी आणि अनामत तपासावी. दुसरे, सोसायटीच्या कुंपणाच्या आतले काम. जागा महापालिकेकडे रीतसर हस्तांतरित झाली नसेल तर तिथे सार्वजनिक पैसा खर्च करता येत नाही. प्रत्येक कामाच्या प्रस्तावाला सातबारा किंवा मिळकत पत्रिका जोडणे सक्तीचे करावे. तिसरे, तेच काम आमदार निधी, खासदार निधी किंवा नगरोत्थानसारख्या योजनेतही मंजूर असू शकते. त्यासाठी प्रत्येक कामाला एकच क्रमांक आणि नकाशावर एक रेष असावी, मग निधी कोणताही असो. एकाच रेषेवर तीन वर्षांत दुसरे काम आले की प्रणालीने ते अडवावे.

वर्गीकरणाबद्दल स्पष्ट लिहायला हवे. अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर एका कामाची तरतूद दुसऱ्या कामाकडे वळवणे काही वेळा खरोखर गरजेचे असते. पण फेब्रुवारी आणि मार्चमध्ये वर्गीकरणाचे प्रस्ताव ढिगाने येतात, आणि त्यांत भूसंपादन, ड्रेनेज यांसारख्या अवघड कामांची तरतूद रंगरंगोटी आणि डांबरीकरणाकडे जाते. विकास शुल्क निधीपुरते वर्गीकरण बंद करावे. काम झाले नाही तर रक्कम निधीतच राहावी आणि पुढच्या वर्षी त्याच प्रभागासाठी उपलब्ध असावी. ३१ मार्चला पैसा ‘संपवण्याची’ गरज राहिली नाही की मार्चमधली घाईची कामे आपोआप कमी होतील. ज्या अधिकाऱ्यांना घाईत खराब कामांवर सह्या कराव्या लागतात त्यांचीही सुटका होईल.

माहिती जाहीर करण्याचा खर्च जवळजवळ काही नाही. दर तिमाहीला संकेतस्थळावर एक तक्ता टाकावा : परवानगी क्रमांक व तारीख, सर्व्हे क्रमांक, प्रभाग, भूखंडाचे व बांधकामाचे क्षेत्र, लावलेला दर, आकारलेली रक्कम, जमा रक्कम, उरलेले हप्ते. दुसरा तक्ता खर्चाचा : कामाचा क्रमांक, ठिकाण, कार्यादेशाची तारीख, ठेकेदार, मंजूर रक्कम, दिलेली रक्कम, दोषदायित्व संपण्याची तारीख. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार अशी माहिती आपणहून जाहीर करणे अपेक्षितच आहे. विकसकाच्या गोपनीयतेचे कारण टिकणार नाही, कारण प्रकल्पाचे बहुतेक तपशील महारेराच्या (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर आधीपासून सगळ्यांना खुले आहेत. तक्ता स्कॅन केलेल्या चित्राच्या रूपात न टाकता ज्यात बेरीज करता येईल अशा स्वरूपात टाकावा, ही आमची आग्रहाची विनंती.

कामे सुचवण्याची जागाही हवी. महापालिका अधिनियमात प्रभाग समित्या आहेत आणि २००९ च्या दुरुस्तीने क्षेत्र सभेची, म्हणजे प्रभागातल्या छोट्या भागाच्या मतदारांच्या सभेची, तरतूदही आली, ती बहुतेक ठिकाणी कागदावर राहिली. पुणे महापालिकेने २००६ पासून अंदाजपत्रकात नागरिकांकडून कामे मागवण्याची पद्धत सुरू केली, ती आजवर टिकली हे कौतुकाचे आहे. पण अशा पद्धतीत अर्ज भरला की नागरिकाचा संबंध संपतो. काम स्वीकारले की नाकारले, नाकारले तर का, हे त्याला कळत नाही. विकास शुल्काच्या निधीसाठी क्षेत्र सभा वर्षातून दोनदा घ्याव्यात : सप्टेंबरमध्ये कामे सुचवण्यासाठी आणि जूनमध्ये झालेली कामे जागेवर पाहण्यासाठी. सप्टेंबरच्या सभेआधी कनिष्ठ अभियंत्याने प्रभागात फिरून तुंबणाऱ्या चेंबरची, खचलेल्या पदपथाची आणि कमी दाबाने पाणी येणाऱ्या इमारतींची यादी सभेत लावावी. लोकांना फक्त ‘काय हवे’ विचारले तर बाकडी मागितली जातात. चेंबरची यादी समोर असली की लोक स्वतःच ड्रेनेज आधी करा म्हणतात.

आपल्याकडून आम्हाला एक ठराव हवा आहे. त्यात पाच कलमे असावीत : विकास शुल्क दरमहा वेगळ्या निधीत आणि वेगळ्या बँक खात्यात वर्ग करणे, त्यातला २५ टक्के भाग उगमाच्या प्रभागासाठी आणि १० टक्के भाग कमी बांधकामाच्या प्रभागांसाठी राखणे, या निधीतून वर्गीकरणास मनाई, कामांच्या प्रस्तावाला मालकीचा कागद आणि चार विभागांचे खोदाईबाबतचे पत्र जोडण्याची सक्ती, आणि जमा-खर्चाचे तिमाही तक्ते. पुढच्या अंदाजपत्रकाचा मसुदा मुख्य लेखाधिकाऱ्यांकडे जाण्याआधी हा ठराव मंजूर झाला, तर १ एप्रिलपासून पहिली पावती नव्या निधीत जमा होऊ शकते. मागच्या वर्षांची प्रभागनिहाय आकडेवारी बांधकाम विभागाच्या प्रणालीतून काढता येते. त्यासाठी नगररचनाकार, लेखापाल आणि संगणक विभागातला एक जण असे तिघे बसले तरी पुरे. नमुना तक्ता, ठरावाचा मसुदा आणि पदपथ तपासणीचा एक पानी फॉर्म आम्ही कोणत्याही महापालिकेला विनामूल्य करून देऊ.

आपले,
नगररचना, स्थापत्य आणि नगरपालिका लेखा या क्षेत्रांत काम करणारे नागरिक